पिशवी काढण्याआधी

बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातली ऊसतोड बाई अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरते म्हणून दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. ‘पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल,’ एवढं कानावर पडलं की तिचा निर्णय झालेलाच असतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, दिवाळीच्या आगेमागे कोयता निघायचा असतो आणि फडावर खाडा पडला की पैसे कापले जातात. मग घरचेही म्हणतात, होऊन जाऊ दे एकदाचं.

२०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे साधारण सहांमागे एकीचं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन्हीकडचे वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, पण एवढी तफावत नुसत्या वयाने पडत नाही.

कॅन्सरची भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय शोधणारं जगातलं एक मोठं संशोधन बीडच्या शेजारच्याच तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झालं, हे किती जणांना ठाऊक आहे? बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलने तिथल्या ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना या अभ्यासात घेतलं. गावांचे चार गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले. एका गटात गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप म्हणजे तिथल्या पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून तपासणी. चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांनी हिशेब मांडला. चौथ्या गटातल्या ३१,४८८ जणींपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या होत्या. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ पैकी ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवल्यावरून पुढे वाद झाला आणि तो रास्तच होता. एवढी किंमत देऊन मिळालेलं ज्ञान जिल्ह्याच्या सीमेपलीकडच्या दवाखान्यात वापरलंच जात नसेल, तर ते आणखी वाईट.

पांढरं जाण्यामागे अनेकदा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. जास्त रक्तस्रावावर औषधं आहेत, हार्मोन सोडणारी तांबीसारखी साधनं आहेत. मोठ्या गाठी, कशानेच न थांबणारा रक्तस्राव, सिद्ध झालेला कॅन्सर अशा वेळी शस्त्रक्रिया जीव वाचवते, यात शंका नाही. पण तिशीतल्या बाईच्या पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर पाळी अकाली जाते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि हंगाम लागला की तिला डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढायचंच असतं.

केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

तुमच्या घरात कुणाला कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढायला सांगितलं, तर गर्भाशयमुखाच्या तपासणीचा कागद आधी मागा. कॅन्सरच्या आधीचे तिथले बदल सोनोग्राफीत दिसत नाहीत.