मालदीवच्या सैन्याला हुकूम कोण देतं? एका छोट्या देशाच्या संरक्षण खात्याची ओळख

नववीच्या वर्गात भिंतीवर नकाशा लावून आम्ही हिंदी महासागर शिकवत होतो. लक्षद्वीपच्या खाली बोट ठेवून म्हणालो, "हा मालदीव." मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, एवढ्याशा देशाला सैन्य असतं का? आणि असलं तर त्याला हुकूम कोण देतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात संपलं. दुसऱ्याचं उत्तर देताना तास संपला तरी आम्ही अर्ध्यावरच होतो. राहिलेलं उत्तर इथे लिहितो आहोत, कारण हा प्रश्न नुसता मालदीवचा नाही.

देश केवढा, समुद्र केवढा

मालदीवमध्ये सुमारे १२०० बेटं आहेत. त्यातल्या दोनशेच्या आत बेटांवरच गावं आहेत. सगळी जमीन एकत्र केली तर साधारण ३०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळपास निम्मी. लोकसंख्या सुमारे ५ लाख. पण मासेमारी आणि सागरी संपत्तीवर ज्याचा हक्क आहे ते समुद्रक्षेत्र जवळपास ९ लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे तीन महाराष्ट्र मावतील एवढं. थोडक्यात, घर लहान आणि अंगण अफाट.

म्हणून इथल्या संरक्षण खात्याचं काम रणगाडे आणि तोफांचं नाही. परक्या बोटींची बेकायदा मासेमारी रोखणं, अमली पदार्थांच्या तस्करीवर नजर ठेवणं, समुद्रात हरवलेल्यांना शोधणं, आग विझवणं, दूरच्या बेटावरच्या रुग्णाला राजधानी मालेला पोहोचवायला मदत करणं, ही त्यांची रोजची कामं. अग्निशमन दलसुद्धा तिथे सैन्याचाच भाग आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तिथे ८० हून अधिक माणसं गेली. बहुतेक जमीन समुद्रापासून एक मीटरपेक्षाही कमी उंच असलेल्या देशाला वाढता समुद्र हाही शत्रूच.

खात्याची उतरंड

सगळ्यात वर राष्ट्राध्यक्ष. तेच सर्वोच्च सेनापती. त्यांच्याखाली संरक्षण मंत्री. मंत्र्याची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, पण तिला संसदेची मंजुरी लागते. त्यानंतर गणवेशातले संरक्षण दल प्रमुख, आणि त्यांच्या हाताखाली तटरक्षक दल, मरीन दल, विशेष दल, अभियंता दल, अग्निशमन दल अशा शाखा. बेटं उत्तर-दक्षिण ८०० किलोमीटरहून जास्त पसरलेली असल्याने देशाचे विभाग पाडून विभागवार तळ ठेवले आहेत.

मंत्री सैनिकच असावा असं नाही. २०१८ ते २०२३ या काळात मारिया दीदी या संरक्षण मंत्री होत्या. त्या मुळात वकील. इथे एक फरक लक्षात ठेवायचा. काय करायचं हे मंत्रालय ठरवतं आणि ते कसं करायचं हे सेनाधिकारी बघतात. धोरण मंत्रिमंडळात ठरतं, पैसा संसद मंजूर करते.

या संसदेचं नाव आपल्याला ओळखीचं वाटेल. दिवेही भाषेत तिला 'रय्यितुंगे मजलिस' म्हणतात. रय्यित म्हणजे आपली रयतच! रयतेची मजलिस. राज्यघटनेच्या कलम २४१ नुसार या मजलिसची एक समिती सुरक्षा दलांच्या कारभारावर कायम देखरेख ठेवते. तिच्यात वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य घ्यावे लागतात. लोक तिला '२४१ समिती' म्हणूनच ओळखतात.

ही व्यवस्था आली कुठून?

ती आपोआप आलेली नाही. १९७८ पासून २००८ पर्यंत मौमून अब्दुल गय्यूम राष्ट्राध्यक्ष होते, आणि त्यातली बरीच वर्षं संरक्षण खातंही त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. सैन्य आणि पोलीस वेगळे नव्हते. राष्ट्रीय सुरक्षा सेवा नावाचं एकच दल दोन्ही कामं करायचं.

३ नोव्हेंबर १९८८ च्या पहाटे श्रीलंकेतून आलेल्या सुमारे ८० भाडोत्री सैनिकांनी मालेवर हल्ला केला. मागे अब्दुल्ला लुथुफी नावाचा मालदीवचाच एक व्यापारी होता. गय्यूम लपून राहिले आणि त्यांनी बाहेरच्या देशांकडे मदत मागितली. भारताचे छत्रीधारी सैनिक आग्र्याहून विमानाने निघाले आणि त्याच रात्री मालेजवळच्या हुलहुले विमानतळावर उतरले. ओलीस घेऊन जहाजातून पळालेल्यांना भारतीय नौदलाने समुद्रात गाठलं. ८० माणसं एका देशाची राजधानी वेठीला धरू शकतात, हा धडा मालदीव आजही विसरलेला नाही.

दुसरा धडा घरातला होता. सप्टेंबर २००३ मध्ये माफुशी तुरुंगात एका तरुण कैद्याचा सुरक्षारक्षकांच्या मारहाणीत मृत्यू झाला. मालेत लोक रस्त्यावर उतरले. जे दल सीमेचं रक्षण करतं तेच तुरुंगात लाठी चालवतं, हे लोकांना मान्य नव्हतं. १ सप्टेंबर २००४ ला पोलीस सेवा वेगळी झाली. एप्रिल २००६ मध्ये उरलेल्या दलाला मालदीव राष्ट्रीय संरक्षण दल हे नाव मिळालं. २००८ मध्ये नवी राज्यघटना आणि सैन्याचा कायदा आला.

त्या घटनेतलं कलम २४५ आम्ही वर्गात फळ्यावर लिहिलं होतं. सुरक्षा दलातल्या कोणालाही कोणी बेकायदा हुकूम देऊ नये, आणि हुकूम उघडउघड बेकायदा असेल तर तो जवानाने पाळू नये, असा त्याचा अर्थ. म्हणजे हुकमाची जबाबदारी देणाऱ्यावर आहे, तशी ती पाळणाऱ्यावरही आहे.

मदत घ्यायची, पण किती?

एवढ्या छोट्या देशाला स्वतःच्या बळावर सगळं शक्य नाही. जहाजं, विमानं, प्रशिक्षण, रडार, काही ना काही बाहेरून घ्यावंच लागतं. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतल्या समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली. सुमारे एक लाख लोकांचं पिण्याचं पाणी तुटलं, तेव्हा भारताने विमानं आणि जहाजं भरून पाणी पाठवलं. भारत आणि मालदीवचे जवान २००९ पासून 'एकुवेरिन' हा संयुक्त सराव करतात. दिवेहीत त्याचा अर्थ होतो दोस्त.

पण मदत करणारा मोठा आणि घेणारा छोटा असला की प्रश्न येतोच. म्हणून २००८ च्या घटनेने अट घातली की मजलिसच्या एकूण सदस्यांच्या बहुमताशिवाय देशाचा कोणताही भाग परक्या लष्करी कामासाठी देता येणार नाही. राष्ट्राध्यक्षाच्या एका सहीवर हे भागत नाही, रयतेच्या प्रतिनिधींना विचारावं लागतं.

हाच वाद २०२३ च्या निवडणुकीत तापला. भारताने दिलेली दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्निअर विमान चालवायला ऐंशीच्या आसपास भारतीय लष्करी कर्मचारी तिथे होते. ते परत जावेत ही मोहम्मद मुइज्जू यांची प्रचारातली मागणी होती. ते निवडून आले आणि मे २०२४ पर्यंत लष्करी कर्मचारी परतले. त्यांच्या जागी भारताचेच बिगरलष्करी तंत्रज्ञ आले. कारण धोरण बदललं तरी दूरच्या बेटावरचा आजारी माणूस तिथेच होता, आणि त्याला मालेला आणायला विमान लागतच होतं. त्याच वर्षी मालदीवने चीनशी लष्करी मदतीचा करार केला आणि तुर्कस्तानकडून टेहळणीसाठी ड्रोन घेतले. छोट्या देशाचं संरक्षण धोरण असंच असतं. एका दारावर विसंबायचं नाही, आणि कोणतंही दार कायमचं बंद करायचं नाही.

योगायोग बघा, या सरकारचे संरक्षण मंत्री झाले ते घस्सान मौमून. १९८८ मध्ये ज्यांनी मदत मागितली त्या गय्यूम यांचे चिरंजीव.

कागद पुरेसा आहे का?

खरं सांगायचं तर नाही. ७ फेब्रुवारी २०१२ ला मालेत काही पोलिसांनी बंड केलं आणि काही सैनिक त्यांना मिळाले. त्याच दिवशी निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी राजीनामा दिला. तो जबरदस्तीने घेतला, असं नशीद पुढे म्हणाले. चौकशी आयोगाने मात्र ते सत्तापालट नव्हतं असा निष्कर्ष काढला. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये आणीबाणी लागली, सुरक्षा दलं सर्वोच्च न्यायालयात शिरली आणि सरन्यायाधीशांना अटक झाली. घटना तीच होती, कलमंही तीच होती.

पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली. सत्तेतले राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला यामीन हरले आणि नोव्हेंबरमध्ये सत्ता बदलली. सैनिक बराकीत राहिले. कागद स्वतःहून कोणाला अडवत नाही. तो वाचणारी, त्यावरून जाब विचारणारी रयत लागते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला आम्ही थोडक्यात उत्तर दिलं. हुकूम राष्ट्राध्यक्ष देतात, तो मंत्र्यामार्फत खाली जातो, पण हिशेब मजलिसला द्यावा लागतो. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे शेवटी लोकांनाच ना, सर?" हो, लोकांनाच.

आता घरी मुलांसोबत नकाशा उघडा. आपल्या लक्षद्वीपमधलं मिनिकॉय बेट शोधा. तिथली महल बोली ही दिवेहीच आहे. तिथून थोडं खाली सरका, मालदीव लागेल. मग मुलांना हाच प्रश्न आपल्या देशाबद्दल विचारा. आपल्या सैन्याला हुकूम कोण देतं, आणि त्या हुकमाचा हिशेब कोण मागतं? उत्तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. पण ते जेवताना, घरच्या गप्पांत निघालं तर जास्त लक्षात राहील.