नितळ पाणी, पाक पाणी

पहिला मोठा पाऊस झाला की गोरेगाव परिसरातल्या ओढ्याकाठच्या विहिरी गढूळ होतात. चार-आठ दिवसांत गाळ खाली बसतो, तळ दिसू लागतो आणि घरात कुणीतरी म्हणतं, ‘निवळलं पाणी, आता भरा हंडे.’ या वाक्यापाशी आम्हाला थोडं थांबायचं आहे.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात सुवानी नावाची नदी आहे. दलदलीत कुजलेल्या पाल्यामुळे तिचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. काठच्या चुनखडीत मात्र पाण्याने भरलेल्या लांबच लांब गुहा आहेत आणि त्यांतून निघणारे झरे काचेसारखे स्वच्छ. पाठीवर हवेची टाकी बांधून पाणबुडे या गुहांत उतरतात. नदीला पूर आला की मात्र प्रवाह उलटतो. झऱ्याचं पाणी बाहेर येण्याऐवजी नदीचंच पाणी झऱ्याच्या तोंडातून आत घुसतं. लख्ख दिसणारी गुहा काळोखी होते. पूर ओसरला तरी ती निवळायला कित्येक आठवडे लागू शकतात. पाणबुड्यांना हा बदल लगेच कळतो. पण शेतातल्या खतांमुळे त्याच झऱ्यांत गेल्या काही दशकांत नायट्रेट वाढत गेलं, ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं. पाणी तेवढंच नितळ!

आपल्याकडे चुनखडी नाही, काळा पाषाण आहे. पाणी मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून विहिरीत येतं. कयाधूच्या खोऱ्यात हळद, सोयाबीन, कापूस. खत पडतं, पाऊस पडतो आणि पिकाने न घेतलेला नत्र पाण्याबरोबर खाली उतरतो. काळ्या मातीचे कण फार बारीक, तुरटी फिरवली की ते एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. नायट्रेट मात्र जिथल्या तिथे राहतं. त्याला रंग नाही, वास नाही. उकळल्याने जंतू मरतात, म्हणून उकळावंच. पण नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने थोडं दाटच होतं.

पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असलेल्या पाण्यात वरचं दूध कालवून तान्ह्या बाळाला दिलं, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर पडू शकतं. सहा महिने निव्वळ आईचं दूध मिळालं तर हा प्रश्नच येत नाही.

वुजूचा मसला आपल्या घरात सगळ्यांना पाठ असतो: मोठ्या किंवा वाहत्या पाण्याचा रंग, वास, चव नजासतीमुळे बदलली तर ते नापाक. नुसत्या मातीने गढूळ झालेलं पाणी पाकच, त्याने वुजू होतो. गंमत अशी की गढूळ पाण्याबाबत आपण उगाच शंका काढतो आणि नितळ पाण्याबाबत एकही नाही. पाक असणं ही नमाजची अट आहे. बाळाच्या बाटलीसाठी वेगळी तपासणी लागते.

ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड स्रोताभोवतीची स्वच्छता सांगतं, पाण्यात नायट्रेट किती ते नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो. घरची विहीर किंवा बोअर असेल तर स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरा आणि देताना ‘नायट्रेट बघा’ असं मुद्दाम सांगा. एकदा पावसाळ्यानंतर, एकदा उन्हाळ्यात.