बाळगणे, जाणणे आणि बचाव करणे

दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन आणि शिरूर हे पुणे–अहिल्यानगर मार्गावरील तालुक्याचे गाव. निवासी शाळेतील आपली मुले सुट्टीत याच वाटांनी घरी जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पुणे पोलिसांनी मेफेड्रोन या अमली पदार्थाचा शेकडो किलोंचा साठा जप्त केला. त्याआधी २०२० मध्ये चाकण परिसरात पकडलेल्या मेफेड्रोनचा तपास शिरूर तालुक्यातील रांजणगावपर्यंत पोहोचला होता. म्हणून कायद्याच्या दोन बाबी येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार असा पदार्थ विकणेच नव्हे, तर नुसता जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. मेफेड्रोन दोन ग्रॅमपर्यंत असल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पन्नास ग्रॅमहून अधिक असल्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी होते आणि जामीनही दुर्मीळ होतो.

परंतु 'बाळगणे' म्हणजे काय? वस्तूवर ताबा आणि तिची जाणीव, दोन्ही हवीत. मात्र कलम ३५ व ५४ अन्वये न्यायालय ही जाणीव गृहीत धरते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नूर आगा खटल्यात स्पष्ट केले की, मूळ ताबा आधी सरकार पक्षाने सिद्ध केला पाहिजे. त्यानंतर आपले अजाणतेपण पटवून देण्याचा भार आरोपीवर येतो. फलाटावर अनोळखी माणसाने दिलेली पिशवी विश्वासाने घेणाऱ्या मुलाचे "मला ठाऊक नव्हते" हे खरे असले, तरी ते पटवून द्यावे लागते. बालकाकरवी अशी ने-आण करविणाऱ्यास बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

पिशवी नाकारली म्हणून कोणी अंगावर धावून आला तर? भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वतःच्या व दुसऱ्याच्याही शरीराच्या बचावाचा हक्क देतात. प्रत्यक्ष जखम होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. धोक्याची रास्त भीती पुरेशी आहे. पण पोलिसांकडे जाण्यास अवधी असेल, तर हा हक्क उरत नाही. बचावास आवश्यक तेवढेच बळ वापरता येते आणि धोका टळताच हक्कही संपतो. पळणाऱ्यास गाठून मारणे हा बचाव नव्हे, तो सूड होय. येथेही बचावाची बाजू आरोपीनेच मांडायची असते. मात्र ती संभाव्य वाटली तरी पुरते.

अटक झालीच, तर कारण जाणण्याचा, वकील गाठण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाण्याचा हक्क संविधानाचे अनुच्छेद २२ देते. ही तरतूद बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत मांडली होती.

तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत दाखविले. न्यायालयही तेच विचारते: तुला ठाऊक होते काय, आणि हात कशासाठी उचललास? पंचशीलातील पाचवे शील मद्य व मादक द्रव्यांपासून दूर राहण्यास सांगते. अनोळखी माणसाची पिशवी न स्वीकारणे हेही आजच्या काळात त्या शीलाचे पालन आहे, असे आम्ही मानतो. सुट्टीला निघणाऱ्या प्रत्येक मुलास पालकांनी एवढे तरी अवश्य सांगावे.