डॉक्टर होऊं इच्छिणाऱ्यांची पारख

आजारी माणूस डॉक्टरच्या दारांत येतो तेव्हां तो त्याची गुणपत्रिका पाहण्यास मागत नाहीं. आपलें गाऱ्हाणें हा मनुष्य शांतपणें ऐकून घेईल काय, खरें तें सांगेल काय, एवढीच त्याला काळजी असते. हे गुण लेखी परीक्षेंत दिसत नाहींत. म्हणून पुष्कळ देशांत वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश देण्यापूर्वी उमेदवाराची मुलाखत घेण्याची चाल पडली. परंतु अर्ध्या तासाच्या संभाषणांत माणसाची पारख खरोखर होते काय ?

या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंत योगायोगानें मिळालें. १९७९ सालीं टेक्सस राज्याच्या विधिमंडळानें ह्यूस्टन येथील वैद्यकीय महाविद्यालयास ५० विद्यार्थी अधिक घेण्यास सांगितलें. निवड तर आधींच आटोपली होती. तेव्हां नाकारलेल्या उमेदवारांतूनच हे विद्यार्थी घेणें भाग पडलें. आधीं निवडलेले व मागाहून घेतलेले यांच्यांतील भेद मुख्यतः मुलाखतींत बनलेल्या मताचा होता. पण पुढें अभ्यासांत, आणि पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाच्या कामांतहि, दोहोंत म्हणण्यासारखें अंतर दिसलें नाहीं. हा निष्कर्ष १९८७ सालीं प्रसिद्ध झाला.

याचें कारण उघड आहे. मोकळ्या मुलाखतींत परीक्षकाच्या आवडीनिवडीहि गुण देत असतात. आरंभींच बसलेला ग्रह सहसा सुटत नाहीं. सफाईनें बोलणारा सरस ठरतो, बुजरा मागें पडतो. शिवाय प्रत्येकास निराळे प्रश्न विचारल्यावर तुलना तरी कशाची करावयाची ?

कॅनडांतील हॅमिल्टन शहरीं मॅकमास्टर विद्यापीठांत केव्हिन ईव्हा, हॅरोल्ड रायटर, जॅक रोझेनफेल्ड व जेफ्री नॉर्मन यांनीं यावर एक तोड काढली व २००४ सालीं ती प्रसिद्ध केली. डंडी येथें रोनाल्ड हार्डेन यांनीं १९७५ सालीं वैद्यकीय विद्यार्थ्यांची परीक्षा अनेक लहान टप्प्यांत विभागली होती. तीच कल्पना येथें प्रवेशासाठीं योजिली गेली. एका लांब मुलाखतीऐवजीं दहा लहान मुलाखती. दारावर लिहिलेला प्रसंग वाचण्यास दोन मिनिटें, आंत बोलण्यास आठ मिनिटें. घंटा झाली कीं पुढची खोली. प्रत्येक खोलींत परीक्षक निराळा, पण सर्वांना प्रसंग तेच व गुण देण्याची रीतहि तीच.

असा एक प्रसंग कल्पून पाहावा. रुग्णाचा रोग असाध्य आहे. त्याचा मुलगा डॉक्टरला विनवितो कीं, वडिलांना हें कळूं देऊं नका. येथें ठराविक उत्तराची अपेक्षा नसते. रुग्णाचा हक्क आणि मुलाची माया या दोन्ही बाजू उमेदवार कशा तोलतो, हें पाहिलें जातें. एका खोलींत तो गोंधळला तरी पुढें नऊ खोल्या असतात; आणि एका परीक्षकाची लहर बाकीच्या नऊ मतांत विरून जाते.

२०१२ सालीं या पद्धतीचा पडताळा प्रसिद्ध झाला. मॅकमास्टरनें निवडलेले उमेदवार, आणि तेथें नाकारले जाऊन अन्यत्र शिकलेले उमेदवार, यांचे कॅनडाच्या राष्ट्रीय परवाना-परीक्षांतील गुण ताडून पाहिले, तेव्हां निवडलेले सरस ठरले. ह्यूस्टनला जो भेद दिसला नव्हता, तो येथें दिसला.

तथापि ही रीत खर्चिक आहे. परीक्षक पुष्कळ लागतात, त्यांना शिकवून तयार करावें लागतें, आणि प्रसंग फुटले तर घोकलेलीं उत्तरें ऐकूं येतात. भारतांत २०२४ सालीं नीट परीक्षेस वीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. इतक्यांना दहा खोल्यांतून फिरविणें अशक्यच. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत आधीं गुणांनीं चाळणी होते व मग मुलाखत, तशीच कांहीं वाट इतरत्र काढतां येईल.

मुलाखत म्हटली कीं आपल्याकडे वशिल्याची शंका येते, आणि ती निराधार नाहीं. पण ती शंका एका बंद खोलींतील एका मताविषयींची आहे. ठरलेले प्रसंग, लेखी निकष आणि परस्परांचे गुण न पाहणारे दहा परीक्षक असले, तर वशिला लावणाऱ्याला दहा दारें ठोठवावीं लागतात. रुग्णाच्या उशाशीं बसणारा मनुष्य निवडावयाचा आहे. त्यासाठीं एवढी खटपट जास्त नव्हे.