बर्फाच्या रस्त्यावर पिकअप

आपल्या बेटावर बर्फ म्हणजे सरबताच्या पेल्यातला किंवा मासळीच्या पेटीतला. ऑगस्ट महिन्यात क्युरपीपला कपाटातून स्वेटर बाहेर निघतो, एवढाच आपला हिवाळा. पण आता आपल्या काही घरांतील मुलेमुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिकेत जातात आणि तिथे पहिल्या वर्षभरातच गाडी घेतात. पुष्कळदा ती गाडी पिकअप असते. अमेरिकन माणसाला या गाडीचे भारी वेड. फोर्ड कंपनीची एफ मालिकेची पिकअप 1977 सालापासून त्या देशात सर्वांत जास्त खपणारा ट्रक आहे. उंच बसायचे, मागे सामान टाकायचे, वर फोर-बाय-फोरची ऐट. मुलगा फोटो पाठवतो आणि आईवडिलांना वाटते, एवढी दणकट गाडी आहे, आता काळजी नाही.

काळजी आहे, असे आम्हाला सांगावयाचे आहे. अमेरिकेच्या संघराज्य महामार्ग खात्याने दिलेल्या आकड्यांप्रमाणे त्या देशातील सुमारे 70 टक्के रस्ते हिम पडणाऱ्या प्रदेशात आहेत, आणि हिमाच्या किंवा बर्फाच्या रस्त्यावरील अपघातांत दरवर्षी सरासरी 1,300हून अधिक माणसे दगावतात.

प्रथम पिकअपचा स्वभाव समजून घ्यावा. इंजिन पुढे, बसण्याची जागा पुढे, आणि मागचा हौदा रिकामा. म्हणजे निम्म्याहून अधिक वजन पुढच्या चाकांवर. पुष्कळशा पिकअपमध्ये इंजिनाचा जोर मात्र मागच्या चाकांना मिळतो. कोरड्या रस्त्यावर यात काही बिघडत नाही. बर्फावर ही हलकी मागची चाके जागच्या जागी गरगरतात, आणि वळणावर गाडीची मागची बाजू आडवी येऊ पाहते. आपल्याकडे ऊस भरलेली गाडी आणि रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर कशा वेगळ्या चालतात, हे जुन्या ड्रायव्हर मंडळींना सांगावे लागत नाही. इथे तेच, फक्त कैक पटींनी.

म्हणून तिथले जाणकार लोक हिवाळ्यात हौद्यात वाळूची पोती टाकतात. शंभर ते दोनशे किलो पुरतात. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नये. पोती कुठे ठेवायची याला महत्त्व आहे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध, आसाच्या वर ठेवावीत. अगदी शेवटी, मागच्या फळीला टेकवून ठेवली तर तराजूसारखे होते. मागचे टोक खाली दबते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टीअरिंग ऐकेनासे होते. पोती घट्ट बांधावीत, कारण गाडी कुठे आदळली तर सुटे ओझे तोफेच्या गोळ्यासारखे पुढे येते. वाळूचा आणखी एक उपयोग असा की चाक रुतले तर त्याखाली पसरता येते. काही लोक हौद्यात साठलेले हिमच वजन म्हणून राहू देतात. ही आळशी युक्ती आम्हाला पसंत नाही. ते हिम वितळून जाते, नाहीतर मागून येणाऱ्याच्या काचेवर उडते.

आता फोर-बाय-फोरविषयी, कारण खरा घोटाळा इथेच होतो. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी हिमातून सहज निघते, चढ चढते, हे खरे. त्यामुळे चालवणाऱ्याला वाटते की रस्ता ठीक आहे, आणि तो वेग वाढवतो. परंतु थांबण्याच्या कामी फोर-बाय-फोरचा काही उपयोग नाही. ब्रेक तर साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. थांबणे हे टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर अवलंबून. आणि पिकअप जड, म्हणून ती लवकर थांबेल असेही नाही. नवख्या माणसाला जो धीर ही गाडी सुरुवातीला देते, तोच त्याला पुढच्या चौकात दगा देतो.

थोडा हिशेब मांडून पाहू. ताशी 30 मैल, म्हणजे 48 किलोमीटर वेग. कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून गाडी सुमारे 13 मीटरवर थांबते. दाबून बसलेल्या हिमावर सुमारे 45 मीटर लागतात. निव्वळ बर्फावर 90 मीटर, आणि शून्य अंशाच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर असला तर त्याहूनही जास्त. गंमत अशी की कडाक्याच्या थंडीपेक्षा हे शून्याजवळचे हवामानच अधिक निसरडे. वेग निम्मा केला तर अंतर निम्मे न होता चौथाई होते, हे मात्र आपल्या बाजूचे गणित आहे. म्हणूनच तिथे शिकवतात की कोरड्या रस्त्यावर पुढच्या गाडीमागे तीन-चार सेकंदांचे अंतर ठेवत असाल तर बर्फावर आठ ते दहा सेकंदांचे ठेवा.

सर्वांत फसवा तो काळा बर्फ. तो खरे म्हणजे काळा नसतो, काचेसारखा पारदर्शक असतो. खालचे डांबर दिसते आणि रस्ता नुसता ओला वाटतो. पूल आधी गोठतात, कारण त्यांच्या खालूनही थंड वारा वाहतो आणि जमिनीची ऊब त्यांना मिळत नाही. एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रस्ता ओला दिसतो, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे उडणारे पाणी एकाएकी बंद झाले, तर ते पाणी नव्हे, बर्फ आहे असे समजावे.

टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ शहरात 11 फेब्रुवारी 2021 रोजी काय झाले ते पाहावे. टेक्सास हा उष्ण मुलूख. त्या पहाटे गोठणारा पाऊस पडला होता आणि महामार्गावर पातळ बर्फ धरला होता. एक गाडी घसरली, तिच्यावर दुसरी, त्यावर अवजड ट्रक. मोटारी, पिकअप, ट्रक मिळून 130हून अधिक वाहने एकमेकांवर आदळली आणि सहा माणसे प्राणास मुकली. तेव्हा मुलगा दक्षिणेकडच्या राज्यात आहे म्हणून आईवडिलांनी निश्चिंत राहू नये. जिथे हिम क्वचित पडते, तिथल्या लोकांना सवय नसते आणि रस्त्यावर मीठ टाकणारी यंत्रेही थोडी असतात. मिठाचाही भरवसा एका मर्यादेपर्यंतच. थंडी उणे 9 अंशांच्या खाली गेली की साधे मीठ फारसे काम करीत नाही.

टायरवर पैसे खर्च करावेत, हे आमचे स्पष्ट मत आहे. पान्हे, दिवे, मोठाली चाके यांवर मुले पैसा उडवतात आणि टायर जुनेच ठेवतात. हिवाळी टायरचे रबर मऊ असते. सुमारे 7 अंशांखाली साधे रबर कडक होते, तेव्हा हे पकड धरून राहते. त्यावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमाचा कण अशी खूण असते. बसवायचे तर चारही बसवावेत, दोनच नव्हे. थंडीत टायरमधली हवाही कमी होते, म्हणून ती वरचेवर तपासावी.

चालवताना सगळे हळुवार हवे. ॲक्सिलरेटर, ब्रेक, स्टीअरिंग, काहीही झटक्याने नाही. ठरावीक वेग आपोआप राखणारी यंत्रणा बंद ठेवावी. वळणाआधीच वेग कमी करावा, वळणात ब्रेक लावू नये. मागची बाजू घसरलीच, तर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा आणि ज्या दिशेला जायचे आहे तिकडे नजर व स्टीअरिंग ठेवावे. घाबरून ब्रेक दाबू नये. चाके जाम न होऊ देणारी ब्रेकची यंत्रणा, म्हणजे एबीएस, गाडीत असेल तर थांबायच्या वेळी पेडल घट्ट दाबून धरावे. पायाखाली थरथर होते, खडखड आवाज येतो, तो बिघाड नव्हे. जुन्या पिकअपमध्ये ही यंत्रणा नसते, किंवा फक्त मागच्या चाकांना असते. तिथे ब्रेक हळूहळू दाबत-सोडत लावावा. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे.

एवढे करूनही माणूस अडकतो. शिकागो शहर आपल्या मराठी मंडळींचे मोठे ठिकाण, बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना 1981 साली तिथेच झाली. त्या शहरात फेब्रुवारी 2011च्या हिमवादळात सरोवराकाठच्या मोठ्या रस्त्यावर शेकडो गाड्या रात्रभर अडकून पडल्या. जानेवारी 2022 मध्ये व्हर्जिनिया राज्यातील महामार्गावर लोक चोवीस तासांहून अधिक काळ खोळंबले. त्यांत टिम केन हे सिनेटरही होते, 27 तास. हिमाने खासदार-मजूर असा भेद केला नाही.

अडकल्यावर थंडीपेक्षाही एक छुपा शत्रू असतो. 1978च्या फेब्रुवारीतील मॅसॅच्युसेट्सच्या हिमवादळात बोस्टनजवळच्या 128 क्रमांकाच्या रस्त्यावर तीन हजारांहून अधिक गाड्या गाडल्या गेल्या. काही जण ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवून बसले. धूर बाहेर टाकणारी नळी हिमाने बुजली, विषारी वायू आत शिरला आणि ते बसल्या जागी गेले. या वायूला ना वास, ना रंग. म्हणून आधी ती नळी मोकळी करावी, मग तासाला दहा मिनिटे इंजिन चालवावे, एक काच बोटभर उघडी ठेवावी, आणि गाडी सोडून चालत निघू नये. फावडे, घोंगडी, विजेरी, पाणी, थोडा खाऊ गाडीत असावा, आणि टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये.

आपण बेटावरची माणसे वादळाच्या इशाऱ्याचे वर्ग लहानपणापासून ओळखतो. तिसरा वर्ग लागला की दुकाने, शाळा, बसगाड्या बंद, आणि कोणी त्यास भित्रेपणा म्हणत नाही. तिथेही हवामान खाते हिमवादळाचा इशारा देते. पण पुष्कळदा कामावर जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि नवी नोकरी लागलेला मुलगा साहेबाला नाही म्हणायला कचरतो. अशा वेळी घरून फोन गेला तर उपयोग होतो. पुष्कळशा राज्यांत 511 हा क्रमांक फिरवला की रस्त्यांची त्या घडीची स्थिती कळते. मुलाला विचारावे, तो क्रमांक तुझ्या राज्यात चालतो का, आणि वाळूची पोती आणलीस का.