कॅप्सूलमधले दाणे गोल का असतात?

कॅप्सूल गिळायची म्हटले की मुले तोंड वाकडे करतात, म्हाताऱ्या माणसांच्या ती घशात अडकते. मग घरातली बाई ती उघडते. आत पावडर असेल असे वाटते, पण कित्येकदा निघतात राजगिऱ्याएवढे गोल दाणे! ‘खलात कुटून मधातून दिले तर काय बिघडलं?’ असे मनात येणे साहजिक आहे. पण बिघडते, आणि पुष्कळ बिघडते. ते का, हे समजायला दाणे गोल कसे होतात ते पाहू या.

सोऱ्या आणि पाटा

असे दाणे करण्याची एक रीत तर थेट आपल्या स्वयंपाकघरातलीच वाटावी अशी आहे. औषधाच्या भुकटीत सेल्युलोजची बारीक पांढरी भुकटी मिसळतात. ही लाकडाच्या लगद्यापासून करतात. पाण्यात ती विरघळत नाही, पण स्पंजासारखे पाणी धरून ठेवते. मग पाणी घालून ते मळतात आणि यंत्राच्या सोऱ्यातून, साधारण एक मिलिमीटरच्या भोकांतून, त्याची शेव पाडतात.

ही ओली शेव दुसऱ्या यंत्रात जाते. ते म्हणजे एक उभे पिंप. त्याची भिंत स्थिर, पण तळाची तबकडी मिनिटाला शेकडो फेरे घेते. टाकी लावलेल्या पाट्यासारख्या तिच्यावर उभ्याआडव्या खाचा असतात. त्यांवर आपटून शेवेचे तुकडे पडतात; जेवढी जाडी, जवळजवळ तेवढीच लांबी. हे तुकडे भिंतीकडे फेकले जातात, थोडे वर चढतात, पुन्हा आत कोसळतात. दोरीला पीळ पडावा तसे ते गरगरत राहतात. तबकडी, भिंत आणि शेजारचे तुकडे यांच्याशी घासून आधी कडा बोथटतात, मग तुकडा अंड्यासारखा होतो आणि काही मिनिटांत गोल! तो नुसता झिजून गोल होत नाही; ओला असतो म्हणून दबून, वळून गोल होतो.

सारी मेख पाण्यात आहे. चकलीचे पीठ घट्ट झाले तर तुकडे पडतात, सैल झाले तर काटा येत नाही, हे आपल्याला का सांगायला हवे? इथेही तेच. पाणी कमी पडले तर दाणे वेडेवाकडे राहतात, भुगा होतो. जास्त झाले तर एकमेकांना चिकटून गोळे होतात.

हे यंत्र जपानचे, १९६० नंतरच्या दशकातले. त्याचे नाव मारुमेरायझर. जपानीत ‘मारु’ म्हणजे गोल. १९७० मध्ये अमेरिकेतल्या एली लिली कंपनीच्या कॉनीन आणि हॅडली यांनी औषधाचे दाणे करण्याच्या या रीतीवर लेख लिहिला.

एवढा खटाटोप कशासाठी?

लेपासाठी! दाणे वाळवून त्यांवर फवाऱ्याने पातळ लेप देतात. गोल दाण्यावर तो सगळीकडे सारखा बसतो. कोपरे असले तर तिथे पातळ राहतो. आम्लपित्तावरचे ओमेप्राझोल घ्या. गंमत अशी, की ते स्वतःच जठरातल्या आम्लाने नासते. लेप त्याला आतड्यापर्यंत सुखरूप नेतो. काही दाण्यांचा लेप औषध तासन्‌तास थोडे थोडे सोडतो. असा दाणा कुटला की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. ते जिवावरही बेतू शकते.

एवढे लक्षात ठेवा

• कॅप्सूल उघडण्याआधी डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. काही उघडून चालतात, काही मुळीच नाही.

• परवानगी असली तरी दाणे कुटू नका, चावू देऊ नका.

• सांगितलेल्या मऊ, गार पदार्थावर चमचाभरातच घालून लगेच गिळायला द्या. कालवून ठेवू नका.

• गरम पदार्थात घालू नका. दुधात तर नकोच. दूध आंबट नसल्याने आतड्यासाठी राखलेला लेप तिथेच सुटू लागतो.