बुद्ध आणि येशू : शिकवण कुठे जुळते, कुठे वेगळी होते

इंग्लंडमधल्या शाळांत धर्मशिक्षण, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘आर.ई.’, हा विषय असतो हे आपल्याला ठाऊकच आहे. २०१६ पासून शिकवल्या जाणाऱ्या जी.सी.एस.ई.च्या नव्या अभ्यासक्रमात या विषयासाठी दोन धर्म अभ्यासावे लागतात. बहुतेक ठिकाणी त्यातला एक ख्रिस्ती धर्म असतो आणि काही शाळांत दुसरा बौद्ध धर्म. मग एखाद्या संध्याकाळी प्रश्न घरी येतो : या दोघांच्या शिकवणीत सारखे काय आणि वेगळे काय?

आपण पोळ्या लाटता लाटता सांगून टाकतो, “अरे, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात.” या उत्तराला मार्क मिळत नाहीत ही गोष्ट वेगळी. पण आपल्या मराठी मंडळींत अशी घरे आहेत, ज्यांच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर धम्माची दीक्षा घेतली. अशीही घरे आहेत, ज्यांच्या पणजोबांनी नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी भाऊबंदांशी संबंध तुटले. त्यांच्या नातवंडांना ‘सगळे सारखेच’ असे सांगणे म्हणजे तुमच्या वाडवडिलांनी उगाच एवढे सोसले असे म्हणण्यासारखे आहे. म्हणून आम्हांला वाटले की हा विषय एकदा नीट मांडावा.

साम्य आहे, आणि ते वरवरचे नाही. सर्वांत ठळक उदाहरण आजाऱ्याच्या सेवेचे.

विनयपिटकातल्या ‘महावग्ग’ या ग्रंथात एक प्रसंग आहे. एका भिक्षूला जुलाब झाले होते आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन विहारात फिरत असताना त्यांना तो दिसला. तुझी देखभाल कोणी का करत नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला की मी इतरांच्या कधी उपयोगी पडलो नाही, म्हणून तेही माझ्याकडे बघत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, मग एकाने डोके आणि एकाने पाय धरून त्याला उचलून खाटेवर निजवले. त्यानंतर सगळ्या भिक्षूंना बोलावून त्यांनी विचारणा केली. सांगितले ते थोडक्यात असे, की तुमची काळजी घ्यायला इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची घेतली नाही तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी.

‘इथे आईबाप नाहीत’ हे वाचून परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना थोडे थांबायला होते. ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी डबा कोण पोचवणार, मुलांना शाळेतून कोण आणणार, हा प्रश्न इथे प्रत्येक घराला कधी ना कधी पडलेला आहे.

पण बुद्ध नुसता उपदेश करून थांबत नाहीत. शुश्रूषा करणारा कसा असावा याची यादीच पुढे येते : त्याला औषध तयार करता यावे, पथ्य काय आणि कुपथ्य काय हे कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मायेने करावे, मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस बाळगू नये आणि चार शब्द बोलून धीर देता यावा. आजारी माणसालाही सोडलेले नाही! जो पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही, नेमके काय होतेय ते सांगत नाही, त्याची शुश्रूषा करणे अवघड असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. (घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.)

आता मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय पाहा. शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा लोकांना सांगतो की मी भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगात होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात. ते गोंधळून विचारतात, आम्ही तुम्हांला असे कधी पाहिले? तेव्हा उत्तर मिळते की या लहानांतल्या लहानासाठी जे केलेत ते माझ्यासाठीच केलेत. या एका अध्यायाच्या प्रेरणेने जगभर किती दवाखाने उभे राहिले असतील! सांगली-मिरजेकडच्या मंडळींना मिशन हॉस्पिटल आणि डॉ. विल्यम वानलेस हे नाव सांगायला नको, तिथली वानलेसवाडी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

दोन्हीकडे आजाऱ्याची सेवा ही गुरूची सेवा ठरते. फरक कारणात आहे. बुद्धांचे बोलणे एका संघातल्या सोबत्यांना उद्देशून आहे : तुम्ही घर सोडून आलात, आता तुम्हीच एकमेकांचे घर. (सर्व प्राणिमात्रांवर आईसारखी माया करावी ही शिकवण त्यांनी दिली आहेच, पण ती दुसऱ्या ठिकाणी.) येशूच्या कथेत ज्याची सेवा करायची तो परका आहे, कैदीही आहे, आणि निवाडा करणारा देव आहे.

दुसरे साम्य वैराचे. शत्रूवर प्रेम करा ही येशूची शिकवण डोंगरावरील प्रवचनात आहे आणि ती सर्वांना माहीत असते. वैराने वैर शमत नाही हे धम्मपदातले वचनही बहुतेकांनी ऐकलेले असते. पण बुद्धांनी ते समजावण्यासाठी सांगितलेली दीघावूची गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. काशीचा राजा ब्रह्मदत्त कोसलचे राज्य घेतो आणि पुढे तिथल्या राजाराणीला ठार करवतो. मरताना बाप गर्दीतल्या मुलाला वैर न धरण्याविषयी सांगतो. मुलगा दीघावू ओळख लपवून ब्रह्मदत्ताच्याच पदरी राहतो, विश्वास मिळवतो. एके दिवशी रानात राजा त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपतो. दीघावू तीनदा तलवार उपसतो आणि बापाचे शब्द आठवून तीनदा म्यान करतो. शेवटी दोघे एकमेकांना जीवदान देतात आणि त्याला राज्य परत मिळते.

ही गोष्ट बुद्धांनी सांगितली ती कौशांबीच्या भांडणाऱ्या भिक्षूंना. आणि गंमत म्हणजे त्यांनी ती ऐकूनही भांडण थांबवले नाही. शेवटी बुद्धच त्यांना सोडून निघून गेले. परदेशातल्या मराठी मंडळांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना कौशांबी फार लांब वाटणार नाही.

इथेही कारणे निराळी. बुद्ध सांगतात तो कार्यकारणाचा नियम आहे : सूड घेतला की मारलेल्याचे लोक सूड घेणार, साखळी तुटायची नाही. येशू म्हणतो तुमचा स्वर्गातील पिता चांगल्यावर आणि वाइटावर सारखाच सूर्य उगवतो, तुम्हीही त्याच्यासारखे व्हा. एकीकडे परिणाम ओळखणे, दुसरीकडे पित्यासारखे होणे.

पंचशील आणि दहा आज्ञा यांचे कोष्टक मुले शाळेतून घेऊन येतातच, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. हत्या, चोरी, व्यभिचार, खोटे हे चार जुळतात. दहा आज्ञांची सुरुवात देवापासून होते, पंचशीलात देव नाहीच. आणि शील ही आज्ञा नसून आपणहून घेतलेले व्रत आहे. घरी पंचशील म्हणणाऱ्या मुलांना हे शिक्षकांपेक्षा जास्त चांगले सांगता येईल. मादक पदार्थांचे पाचवे शील दहा आज्ञांत नाही.

बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बुद्धाच्या धर्माच्या भवितव्यावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी येशूसह इतर धर्मसंस्थापकांशी बुद्धांची तुलना केली आहे. त्यांचा मुद्दा असा, की येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले, तर बुद्धांनी स्वतःला केवळ मार्गदाता मानले, मोक्षदाता नव्हे. ख्रिस्ती माणसाला नेमके उलट वाटते : माणसाला स्वतःच्या बळावर तरता येत नाही, म्हणूनच तारणारा आला. दोघांचे म्हणणे एकदम खरे मानता येत नाही, आणि तसे करायची गरजही नाही.

मग कोणी कोणाचे घेतले? येशू तरुणपणी लडाखमध्ये येऊन बौद्ध धर्म शिकला अशी एक कथा ई-मेलवर फिरायची, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. ती निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने १८९४ साली पुस्तक लिहून पसरवली. हेमिसच्या मठात जुनी पोथी पाहिली असे त्याचे म्हणणे. आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस १८९५ मध्ये तिथे गेले, तर मुख्य लामांनी अशी पोथी नाही आणि असे काही घडले नाही असे सांगितले. मुलांच्या वहीत ही कथा जाऊ देऊ नका.

खरी देवाणघेवाण झाली ती पुष्कळ नंतर, आणि ती जास्त मजेशीर आहे. सिद्धार्थाची कथा, म्हणजे राजवाड्यात जपलेला राजपुत्र, त्याला दिसलेले आजारपण, म्हातारपण, मृत्यू आणि त्याने केलेला त्याग, अरबी आणि जॉर्जियन भाषांतून फिरत ग्रीकमध्ये आणि मग लॅटिनमध्ये पोचली. वाटेत ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचे ‘योसाफट’ झाले, राजपुत्र ख्रिस्ती झाला, आणि बरलाम नावाचा साधू त्याचा गुरू ठरला. मध्ययुगीन युरोपात ही कथा घरोघर ठाऊक होती आणि दोघांची नावे संतांच्या यादीत गेली; रोमन संतसूचीच्या जुन्या आवृत्त्यांत त्यांचा दिवस २७ नोव्हेंबर होता. हा राजपुत्र म्हणजे आपल्याकडचा सिद्धार्थ, हे युरोपातल्या अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले. तोवर कित्येक शतके चर्चमधले लोक त्याला आपलाच संत मानत होते.